ग्रंथ, भाषा आणि ध्यान

कराडच्या प्रीतिसंगमावरून नैर्ऋत्येकडे पाहिले की आगाशिवाचा डोंगर नजरेत भरतो. त्याच्या अंगावर, जखिणवाडीच्या बाजूला आणि माथ्याच्या आसपास, पन्नासच्या वर बौद्ध लेणी कोरलेली आहेत. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाची येथे निराशा होण्याचा संभव आहे. चित्रे नाहीत, भव्य मूर्ती नाहीत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतली ही साधी लेणी. एक लहानसे दालन, त्याच्या कडेने खोल्या, खोलीत दगडाचाच कोरलेला ओटा, आणि क्वचित कोठे एखादा स्तूप. एका लेण्यात शिलालेख आहे. गोपालाचा पुत्र संघमित्र याने हे लेणे दान दिले, एवढेच तो सांगतो.

कराडचे नाव त्या काळी 'करहाकट' असे होते. मध्य भारतातील भरहुतच्या स्तूपावर जी दात्यांची नावे कोरली आहेत त्यांत करहाकटाचा उल्लेख आहे. कोकणातल्या कुडे येथील लेण्यांत करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. म्हणजे आज साताऱ्याहून सांगलीकडे जाताना एस.टी.च्या ज्या थांब्यावर आपण चहा घेतो, ते गाव दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध धर्माच्या नकाशावर ठळक होते. पावसाळ्याचे चार महिने भिक्षू या ओट्यांवर काय करीत असतील? सूत्रे पाठ करणे, त्यांचा अर्थ गुरूकडून समजावून घेणे आणि ध्यानाला बसणे. ही तीन वेगवेगळी कामे आहेत असे त्यांना वाटत नव्हते. एकाच दिनक्रमाच्या त्या तीन घटका होत्या.

पुढे ही लेणी ओस पडली. ग्रंथ सिंहलद्वीपात आणि ब्रह्मदेशात राहिले, भाषा येथे कोणाला कळेनाशी झाली, ध्यानाची परंपरा तुटली. महाराष्ट्रात या तीन गोष्टी पुन्हा एकत्र आणण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी एका माणसाने केले. तो माणूस गोव्याचा. त्याचे गाव आपणा कॅथलिकांना एका निराळ्याच कारणासाठी ठाऊक असते.

ते गाव म्हणजे मुरगाव तालुक्यातील साखवाळ. आरोग्यमातेच्या जुन्या चर्चची एकटी उभी दर्शनी भिंत पाहायला आणि संत जोसेफ वाझ यांच्या तीर्थस्थानी नवस फेडायला आपले लोक तेथे जातात. वाझ यांचा जन्म १६५१ सालचा, बाणावलीचा, परंतु त्यांचे पितृकुल साखवाळचे आणि त्यांचे बालपणीचे शिक्षणही तेथले. १६८७ मध्ये हा गोव्याचा ओरेटोरियन धर्मगुरू मजुराच्या वेशात सिलोनमध्ये उतरला. डच सत्तेने तेथे कॅथलिक उपासनेवर बंदी घातली होती. वाझ यांनी तमिळ शिकली, सिंहली शिकली, कँडीच्या बौद्ध राजाच्या तुरुंगात दिवस काढले आणि पुढे त्याच राजाच्या आश्रयाने देवीच्या साथीत रोग्यांची सेवा केली. १७११ च्या जानेवारीत ते कँडीत वारले.

त्याच साखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. घराणे सारस्वत ब्राह्मणांचे. शालेय शिक्षण जेमतेम. नारळाच्या बागा सांभाळणे हे घरचे काम. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' हे मुलांचे मासिक गोव्यात येत असे. त्यातील बुद्धाच्या चरित्रावरचा लेख १८९७ च्या सुमारास त्यांच्या वाचनात आला. पाठोपाठ कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे १८९८ साली प्रसिद्ध झालेले 'गौतमबुद्धाचे चरित्र' हाती पडले. मुलांच्या मासिकातल्या एका लेखाने माणसाचे आयुष्य फिरावे, ही गोष्ट नियतकालिके चालविणाऱ्यांनी तरी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१८९९ च्या अखेरीस कोसंबींनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. बौद्ध धर्माचे अध्ययन करावयाचे तर नेपाळ, सिलोन किंवा ब्रह्मदेशच गाठावा लागेल, असे त्यांनी सांगितले. बुद्धाच्या देशात बुद्ध शिकविणारा कोणी उरला नव्हता, ही वस्तुस्थिती होती. कोसंबी ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचा पाया घातला, कारण संस्कृताशिवाय पुढचे दार उघडणार नाही हे त्यांनी ओळखले होते. १९०२ मध्ये नेपाळला गेले, तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून खिन्न होऊन परतले, आणि त्याच वर्षी साखवाळच्या या दुसऱ्या प्रवाशाने सिलोनच्या भूमीवर पाऊल ठेवले. पहिला गेला होता शिकवायला, दुसरा गेला शिकायला. दोघांनाही सुरुवात मात्र लिपी गिरविण्यापासूनच करावी लागली.

पाली भाषेचा हा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. तिला स्वतःची अशी लिपी नाही. सिलोनमध्ये ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, सयामात तेथल्या लिपीत आणि युरोपात रोमन लिपीत छापली जाते. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी कोसंबी श्रामणेर झाले, सिंहली लिपी शिकले आणि त्रिपिटकाच्या वाचनास लागले. नंतर ब्रह्मदेशात भिक्षुदीक्षा घेतल्यावर बर्मी लिपी आली. संस्कृत जाणणाऱ्याला पाली सोपी वाटते, आणि तेथेच तो फसतो. ओळखीचा शब्द दिसला की आपण थांबत नाही, पुढे जातो.

एकच उदाहरण घेऊ. 'निमित्त' हा शब्द घ्या. मराठीत निमित्त म्हणजे कारण किंवा सबब. पाली कोश 'खूण, चिन्ह' असा अर्थ देतो. परंतु ध्यानाच्या ग्रंथात या शब्दाचे काम वेगळे आहे. साधक मातीचे एक गोल मंडल समोर ठेवून त्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहत बसतो. काही काळाने डोळे मिटले तरी ते मंडल जसेच्या तसे दिसू लागते. ते पहिले निमित्त. अभ्यास वाढला की त्या आकृतीतले खाचखळगे नाहीसे होऊन ती स्वच्छ, तेजस्वी अशी मनासमोर उभी राहते. ते दुसरे निमित्त. आता जो कधी बसलाच नाही त्याने या ओळींचे भाषांतर केले तर ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि अर्थाने पोकळ होईल. उलट जो नुसता बसला आणि ग्रंथ वाचला नाही, त्याला जे दिसले त्याला नाव काय द्यावे हेच कळणार नाही. कदाचित त्यालाच तो साक्षात्कार समजून बसेल.

कोसंबी बसले. १९०४ च्या सुमारास उत्तर ब्रह्मदेशातील सगाइंगच्या डोंगरात, अर्हत म्हणून ज्याची ख्याती होती अशा एका भिक्षूच्या देखरेखीखाली त्यांनी गुहेत राहून ध्यानाचा अभ्यास केला. त्या गुहेत त्यांचा सोबती होता एक जर्मन भिक्षू, ञाणतिलोक. मूळ नाव आंतोन ग्युट, जन्म १८७८ सालचा, व्हीसबाडेनचा, आणि घराणे कॅथलिक! लहानपणी या मुलाच्या मनात मिशनरी व्हावयाचे होते, आणि तरुणपणी तो मारिया लाख येथील बेनेडिक्टाइन मठाच्या दारापर्यंत जाऊन परतला होता. पुढे त्याने सिलोनमधील एका बेटावर आश्रम स्थापिला आणि पाली ग्रंथांची जर्मन भाषांतरे केली. आपला एक मुलगा आपल्या मठाच्या दारातून परत का फिरला, हा प्रश्न आपण बौद्धांना विचारून उपयोग नाही.

१९०६ साली कोसंबी कलकत्त्यास आले, चीवर उतरविले आणि पाली शिकवू लागले. याच सुमारास सुमारे सात वर्षांनी त्यांची कुटुंबाशी पुन्हा गाठ पडली. या सात वर्षांविषयी आपल्या वाचकांच्या मनात, विशेषतः मातांच्या मनात, काय येईल याची मला कल्पना आहे. विवाह हा ज्यांच्या दृष्टीने संस्कार आहे त्यांनी ते सहज गिळू नये. कोसंबींची विद्वत्ता ज्या मोलाने मिळाली त्यातला मोठा हिस्सा बाळाबाईंनी भरला, आणि त्याची नोंद कोणत्याही विद्यापीठाच्या पुस्तकात नाही. १९०७ मध्ये त्यांना मुलगा झाला, तो पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून गाजलेला दामोदर धर्मानंद कोसंबी. मुलगी माणिक बापाबरोबर अमेरिकेला जाऊन पदवीधर झाली.

कलकत्त्यात मोठ्या पगाराची नोकरी मिळत असता कोसंबींनी ती सोडली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेली दरमहा पन्नास रुपयांची वृत्ती स्वीकारली. महाराष्ट्रात राहून काम करावयाचे आणि बडोदे संस्थानासाठी ग्रंथ लिहावयाचे, ही अट होती. ती अट म्हणजे त्यांचीच इच्छा होती. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे निमंत्रण आले. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची संशोधित आवृत्ती हाती घेतली होती, परंतु १८९९ मध्ये तो वारला. ते काम पुरे करावयाचे होते.

'विसुद्धिमग्ग' म्हणजे शुद्धीचा मार्ग. पाचव्या शतकात बुद्धघोषाने सिलोनमध्ये अनुराधपूरच्या महाविहारात तो रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा अशी त्याची मांडणी आहे, आणि समाधीच्या भागात ध्यानाचे चाळीस विषय सांगितले आहेत. गुरूने शिष्याचा स्वभाव पारखून त्यांतला विषय द्यावयाचा असतो. स्वभाव पारखावयाचा कसा? तो चालतो कसा, जेवतो कसा, झाडतो कसा, हे पाहून! रागीट माणसाची झाडू मारण्याची तऱ्हा निराळी आणि श्रद्धाळू माणसाची निराळी. आध्यात्मिक साधनेत मार्गदर्शकाचे स्थान संत इग्नेशियसच्या शिष्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांना हा भाग वाचताना परक्या घरात आल्यासारखे वाटणार नाही.

हार्वर्डला कोसंबी चार वेळा गेले. श्रेयाच्या प्रश्नावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे खटके उडाले. ही आवृत्ती अखेर १९५० मध्ये बाहेर पडली, तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती. देवनागरी आवृत्ती मात्र त्यांनी १९४० मध्ये मुंबईत काढली होती. दरम्यान १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली आणि तेथून महाराष्ट्रातली पालीची पहिली पिढी निघाली. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हे तिच्यातले अग्रणी. त्यांनी चिनी भाषा शिकून 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाच्या चिनी भाषांतराची 'विसुद्धिमग्गा'शी तुलना केली. चिमणरावाचे जनक चिंतामण विनायक जोशी हे पालीचे गाढे पंडित होते, हे त्यांच्या विनोदावर पोसलेल्या कित्येकांना ठाऊक नसते. आणि ना. के. भागवत तर आमच्याच अंगणात होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात, जेझुइट फादरांच्या शेजारी बसून, त्यांनी पाली शिकविली आणि मुंबई विद्यापीठासाठी पाली ग्रंथ देवनागरीत छापून आणले. त्या काळच्या फादरांनी 'ही बुद्धाची पोथी येथे कशाला' असे विचारले नाही, ही गोष्ट मला सुखावते.

या पिढीचे एक ठाणे सांगलीत होते. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये विश्रामबागेत डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली विलिंग्डन कॉलेज सुरू केले. तेथे परशुराम लक्ष्मण वैद्य हे संस्कृत-प्राकृताचे प्राध्यापक होते. १९२३ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचा आर्यदेवाच्या 'चतुःशतका'वरील प्रबंध प्रसिद्ध झाला. आर्यदेव हा नागार्जुनाचा शिष्य. त्याचा हा ग्रंथ मूळ संस्कृतात तुकड्यातुकड्यांनीच उरला आहे, पूर्ण आहे तो तिबेटी भाषांतरात. तेव्हा हरवलेले संस्कृत शब्द तिबेटीच्या आधाराने परत शोधावयाचे, असे ते काम. हे काम करून आलेला माणूस सांगलीत विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवू लागला. सांगलीच्या परिसरात जैन समाज मोठा, अर्धमागधी शिकणारे विद्यार्थी पुष्कळ. वैद्यांनी हेमचंद्राचे प्राकृत व्याकरण संपादिले, 'सूयगडं' आणि 'उवासगदसाओ' ही जैन आगमे विद्यार्थ्यांसाठी तयार केली. उत्तरायुष्यात ते दरभंग्याच्या मिथिला संस्थेच्या बौद्ध संस्कृत ग्रंथमालेचे संपादक झाले. त्या मालेतला पहिला ग्रंथ 'ललितविस्तर', १९५८ सालचा.

या 'ललितविस्तरा'पाशी थोडे थांबले पाहिजे. बुद्धाची जी कथा आपण शाळेत शिकलो, ती याच कुळातल्या ग्रंथांतून आली आहे. राजपुत्र सिद्धार्थाला बापाने महालात कोंडून ठेवले, दुःख त्याच्या दृष्टीस पडू दिले नाही. रथातून जाताना त्याला म्हातारा दिसला, मग रोगी, मग प्रेत, मग संन्यासी. तेव्हा मध्यरात्री झोपलेल्या पत्नीला आणि मुलाला न उठविता त्याने घर सोडले.

कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या आपल्या मराठी ग्रंथात ही कथा बाजूला सारली. आधार दिला पाली सूत्रांचा. 'अरियपरियेसन सुत्ता'त बुद्ध स्वतः सांगतो की आईबाप रडत असताना आपण मुंडन करून घर सोडले. आईबाप रडत आहेत, म्हणजे त्यांना ठाऊक आहे. मग मध्यरात्रीची चोरटी वाट कोठून आली? रथ, म्हातारा, प्रेत ही हकीकत 'महापदान सुत्ता'त आहे खरी, पण ती विपस्सी नावाच्या दुसऱ्याच, प्राचीन बुद्धाविषयी आहे. 'अत्तदंड सुत्ता'वरून कोसंबींनी असे अनुमान काढले की माणसे एकमेकांवर शस्त्रे उगारताना पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले. शाक्य आणि कोलिय यांच्यातील पाण्याच्या तंट्यावर त्यांनी 'बोधिसत्त्व' हे नाटकच लिहिले.

हा निष्कर्ष सर्व पंडितांना मान्य आहे असे नाही. पण भाषा येणे म्हणजे काय, हे त्यातून दिसते. ज्याने स्वतः तान्ह्या मुलीला मागे ठेवून घर सोडले होते, त्याला हे वाक्य जुन्या सूत्रात सापडावे, यात मला एक मानवी धागाही दिसतो. तो मी ताणीत नाही.

सातारच्या एका विद्यार्थ्यापर्यंत हा धागा पोचला. सुभेदार रामजींचे कुटुंब साताऱ्यास राहत असे. भीमाबाई तेथेच वारल्या, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचा धाकटा मुलगा भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले. कोसंबींना ज्या पुस्तकाने घराबाहेर काढले तेच हे पुस्तक. संस्कृत शिकण्याची इच्छा असता जातीमुळे ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, अशा या विद्यार्थ्याने उत्तरायुष्यात पालीचा कोश आणि व्याकरण तयार केले. ते १९९८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले. त्यांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ च्या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो तो शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या तंट्यामुळे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता हे कसे मानावे, असा प्रश्न डॉ. आंबेडकर ग्रंथाच्या प्रारंभीच विचारतात. जी गोष्ट कोसंबींच्या हातून एक विद्वत्तेचा निष्कर्ष म्हणून निघाली, ती लाखो नवबौद्धांच्या घरात धर्मकथा म्हणून पोचली. सातारा-सांगलीच्या गावोगावी ही घरे आहेत. आपल्यापैकी कित्येकांचे ते शेजारी आणि काहींचे भाऊबंदही आहेत.

आणि ती जुनी, बाजूला सारलेली कथा कोठे गेली? ती आपल्याकडे आली होती! पूर्वी आपल्या घरांतून संतचरित्रे वाचली जात, त्यांत संत बार्लाम आणि संत जोसाफात यांची कथा असे. हिंदुस्थानचा एक राजपुत्र, बापाने महालात कोंडलेला, बाहेर पडताच रोगी, आंधळा आणि म्हातारा पाहतो आणि बार्लाम नावाच्या तपस्व्याकडून ख्रिस्ती होऊन राज्यत्याग करतो. रोमन संतमालिकेत २७ नोव्हेंबर हा त्यांचा दिवस होता. बोधिसत्त्व या शब्दाचे अरबीत बुदासफ झाले, एका नुक्त्याच्या फरकाने युदासफ झाले, जॉर्जियन आणि ग्रीक भाषांतून जाता जाता त्याचे योआसाफ व अखेर जोसाफात झाले. अनेक शतके ख्रिस्ती युरोपने बुद्धाला न ओळखता वंदन केले. गोव्याचा पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कोतो याने सतराव्या शतकाच्या आरंभीच बुद्ध आणि जोसाफात यांच्यातील साम्य टिपले होते. साष्टीतल्या कान्हेरीच्या लेण्यांविषयी लिहिताना तो जोसाफातचे नाव घेतो. मला यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. कथा चांगली होती म्हणून ती टिकली. परंतु ऐकीव कथेवर धर्म ओळखणे आणि त्या धर्माचे ग्रंथ त्याच्या भाषेत वाचणे यांत केवढे अंतर आहे, हे आपल्याइतके कोणाला कळावे?

ज्ञानाची ही तीन अंगे एकत्र राहणे फार अवघड असते. कोसंबींनंतर महाराष्ट्रात ती पुन्हा विलग झाली. सांगली, पुणे, मुंबई येथील प्राध्यापकांनी ग्रंथ आणि भाषा सांभाळली, तीही अशी की जगाने मान डोलवावी. ध्यान मात्र कॉलेजात येऊ शकले नाही. येणार तरी कसे? परीक्षेला ते गुण देता येत नाहीत, आणि सरकारी वेळापत्रकात डोळे मिटून बसण्याचा तास नाही. मंडालेला जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीला विपश्यनेचे केंद्र उभे राहिले. तेथे दहा दिवस मौनात बसणारे हजारो लोक येऊ लागले, त्यांत अनेक धर्मगुरू आणि धर्मभगिनीही होत्या. पण त्यांतल्या बहुतेकांना पालीचे एक वाक्य लावता येत नसे. ही उणीव तेथल्या लोकांनाही जाणवली असावी, कारण १९८५ मध्ये इगतपुरीतच संशोधन संस्था निघाली आणि तिने त्रिपिटक देवनागरीत छापले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने विपश्यनेचा सिद्धान्त आणि साधना एकत्र शिकविणारा पदविका अभ्यासक्रम काढला. फाटलेले वस्त्र निदान एका कडेने शिवले जाऊ लागले.

आपल्या ख्रिस्तसभेतही तीच फाटणी दिसते. बेल्जियमचे मोन्सिन्यॉर एतिएन लामोत हे कॅथलिक धर्मगुरू. संस्कृत, पाली, तिबेटी, चिनी या भाषा आत्मसात करून त्यांनी नागार्जुनाच्या नावावर असलेल्या एका प्रचंड भाष्याचे फ्रेंच भाषांतर १९४४ पासून १९८० पर्यंत पाच खंडांत केले. ते जन्मभर ग्रंथांत राहिले. उलट जपानमधील जर्मन जेझुइट फादर ह्यूगो लासाल. हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून ते वाचले, आणि पुढे झेन गुरूपाशी बसून त्यांनी ख्रिस्ती लोकांना त्या पद्धतीने मौनात बसायला शिकविले. त्यांचे सारे बळ साधनेत. दोघेही मोठे, पण दोन वाटांचे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत बौद्ध धर्माचा आदराने उल्लेख केला. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे स्पष्ट केले. १५ ऑक्टोबर १९८९ च्या पत्रात कार्डिनल रात्सिंगर यांनी पौर्वात्य ध्यानपद्धती जशाच्या तशा उचलण्याविषयी सावध केले. ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे देवाशी संवाद, तंत्राने मिळविलेली मनःशांती नव्हे, हा त्यातला मुद्दा. या दोन लेखांत विरोध आहे असे मला वाटत नाही. कोसंबी ज्याला चुकीचे म्हणाले असते त्यालाच ते पत्र चुकीचे म्हणते, म्हणजे ग्रंथापासून तोडून घेतलेले ध्यान.

अपुऱ्या ओळखीची किंमत मात्र आपण एकदा मोजली आहे. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत जोसेफ वाझ यांना धन्यवादित घोषित केले. आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पोपमहोदयांच्या पुस्तकात बौद्धांची मुक्तिकल्पना जवळजवळ सर्वस्वी नकारात्मक म्हटली होती. सिलोनचे प्रमुख भिक्षू दुखावले. पोपमहोदयांनी आगमनप्रसंगीच बौद्ध धर्माविषयी आदर व्यक्त केला, तरीही आंतरधर्मीय भेटीला भिक्षू आले नाहीत. ज्या वाझ यांना एका बौद्ध राजाने आसरा दिला त्यांच्याच सोहळ्याच्या वेळी बौद्धांची आसने रिकामी राहिली. निर्वाण या शब्दाचा अर्थ 'विझणे' असा आहे हे कोशात मिळते. विझते काय, तर लोभ, द्वेष आणि मोह यांची आग, हे पाली सूत्रांत मिळते. त्या विझण्याने माणूस जगाकडे पाठ फिरवितो की अधिक करुणेने पाहतो, हे मात्र एखाद्या खऱ्या भिक्षूजवळ राहिल्याविना कळणे कठीण. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच कोलंबोत वाझ यांना संतपद दिले आणि त्याच दिवशी कार्यक्रमात नसताना ते एका बौद्ध विहारात गेले.

कोसंबींचा शेवट सेवाग्रामला झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला त्यांनी भाग घेतला होता, तुरुंगवास भोगला होता, परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभा केला होता. शरीर निकामी झाल्यावर त्यांनी अन्न सोडले. गांधीजींच्या आग्रहावरून ते थोडेफार घेतले, पण देह सावरला नाही. ४ जून १९४७ रोजी ते गेले. आपल्या श्रद्धेप्रमाणे आयुष्याचा शेवट ठरविणे माणसाच्या हाती नाही, आणि येथे माझी वाट त्यांच्याहून वेगळी होते हे मी लपवीत नाही.

आगाशिवावर शेवटचा गेलो तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता आणि लेण्यांत पाणी झिरपत होते. जखिणवाडीच्या चैत्याच्या दारी दोन स्तंभ आहेत, एकावर चक्र आणि दुसऱ्यावर सिंह. बरोबरच्या मुलांनी आतल्या खोलीतल्या दगडी ओट्यावर बसून पाहिले. ओटा एका माणसापुरताच आहे.